मध्यम किमतीचा प्रोसेसर कसा पारखावा

(नभोवाणीवरील भाषण)



ज्वारी घेतांना आपण दाणा दांताखालीं धरून पाहतों, वांगीं घेतांना देठ पाहतों, लुगडें घेतांना पदर उलटून पाहतों. परंतु चाळीस-पन्नास हजार रुपयांचा संगणक घेण्याची वेळ आली म्हणजे मात्र आपण दुकानदाराच्या तोंडाकडे पाहतों. हें आपल्या अडाणीपणाचें लक्षण नव्हे. ज्वारीची पारख आपल्याला पिढ्यांनीं शिकविली. संगणकाची पारख शिकविण्यास घरांत कोणी वडीलधारें नाहीं. तेव्हां आज या यंत्राच्या पोटांतील एकाच वस्तूविषयीं, म्हणजे प्रोसेसरविषयीं, चार शब्द सांगण्याचें मीं योजिलें आहे. अत्यंत महागाचा प्रोसेसर घेणारास सल्ला नको असतो, आणि अत्यंत स्वस्ताचा घेणारास निवड नसते. पारखीची खरी गरज आहे ती मधल्या किमतीचा माल घेणाऱ्या, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्या, कुटुंबांना.

गोष्ट २०२५ सालच्या ऑगस्ट महिन्यांतील आहे. आमच्या नगरांत, म्हणजे सरकारी कागदांत ज्याला आतां अहिल्यानगर म्हणतात त्या शहराच्या सावेडी भागांत, आमच्या शेजारीं एक गृहस्थ राहतात. त्यांच्या मुलीस अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रवेश मिळाला होता. एके सायंकाळीं ते हातांत एक कागद घेऊन आले. मीं आयुष्यभर शाळेंत गणित शिकविलें, म्हणून आंकड्यांची प्रत्येक अडचण माझ्या दारीं येते. कागदावर दोन संगणकांचे भाव होते. एकांत 'आय सेव्हन' प्रोसेसर, किंमत २८ हजार. दुसऱ्यांत 'आय फाइव्ह', किंमत ४३ हजार. "गुरुजी," ते म्हणाले, "साताचा स्वस्त आणि पांचाचा महाग, हा काय हिशेब आहे? सात मोठे कीं पांच?"

मुलगी दारांतच उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, आजोबांना पुढचे आंकडे दाखवा ना." पुढचे आंकडे असे होते: पहिला ३७७०, दुसरा १२४००. सारें इंगित तेथेंच होतें. 'तीन, पांच, सात, नऊ' हे आंकडे त्या कारखान्याच्या एकाच पिढींतील दर्जे दाखवितात. पिढी कोणती तें त्यापुढील संख्येच्या आरंभीं असतें. ३७७० हा तिसऱ्या पिढीचा, २०१२ सालचा प्रोसेसर. १२४०० हा बाराव्या पिढीचा, २०२२ सालच्या आरंभीं निघालेला. शाळेंतील 'सातवी' आणि 'पांचवी' यांची तुलना एकाच सालच्या मुलांत करावी. दहा वर्षांपूर्वीं सातवींत असलेल्या मुलाशीं आजच्या पांचवीच्या मुलाची करूं नये. दुकानदार खोटें बोलला नव्हता, त्यानें अर्धें सांगितलें होतें. आणि पैसे होते मुलीच्या आईनें पतसंस्थेंत सात वर्षें टाकलेल्या ठेवीचे. ठेव मोडली कीं ती पुन्हां होत नाहीं, आणि संगणक तर चार वर्षें पुरावयास हवा.

आतां, वेग म्हणजे काय? प्रोसेसरच्या आंत एक ठोका सतत पडत असतो. ४.४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४४० कोटि ठोके. जाहिरातींत हाच आंकडा मोठ्या अक्षरांत छापतात, आणि फसगत येथूनच सुरू होते. कारण एका ठोक्यांत किती काम उरकतें, हें तो आंकडा सांगत नाहीं.

आपल्या जिल्ह्यास हें समजावून सांगणें सोपें आहे. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या परिश्रमानें प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५०-५१ च्या हंगामांत त्याचें पहिलें गाळप झालें. तेव्हांपासून 'गाळप' आणि 'उतारा' हे दोन शब्द येथील पोरासोरांच्या तोंडीं आहेत. समजा, एक कारखाना दिवसाला ५ हजार टन ऊंस गाळतो व त्याचा उतारा शेंकडा १० आहे. त्याची साखर ५०० टन. दुसरा ४,५०० टनच गाळतो, पण उतारा शेंकडा १२. त्याची साखर ५४० टन. केवळ गाळपाचा आंकडा पाहून पहिल्यास थोर म्हणणारा मनुष्य साखरेला मुकेल. प्रोसेसरचे गिगाहर्ट्झ हें गाळप होय, आणि दर ठोक्याला उरकणारें काम हा उतारा होय. दोहोंचा गुणाकार म्हणजे खरा वेग. वर सांगितलेला जुना 'सात' ३.९ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, नवा 'पांच' ४.४ पर्यंत, म्हणजे गाळपांत फरक शेंकडा १३ चाच. परंतु मधल्या दहा वर्षांत उतारा इतका सुधारला कीं एका कोराचें प्रत्यक्ष काम दीडपटीहूनहि अधिक झालें आहे. यावरून नियम असा निघतो कीं गिगाहर्ट्झची तुलना एकाच पिढीच्या व एकाच घराण्याच्या प्रोसेसरांतच करावी. इतरत्र ती व्यर्थ आहे.

दुसरा आंकडा कोरांचा. कोर म्हणजे एकाच तुकड्यावर बसविलेला एकेक स्वतंत्र कामकरी. जुन्या 'सातां'त असे ४ कामकरी, नव्या 'पांचां'त ६. मग सहा कोर म्हणजे चाराच्या दीडपट वेग काय? तसें नाहीं. लग्नाच्या पंगतींत वाढपी सहा केले तर वाढणें लवकर आटोपतें. परंतु भात शिजावयास जो वेळ लागतो तो वाढपी वाढविल्यानें कमी होत नाहीं. जीन आमडाल या अमेरिकन तंत्रज्ञानें १९६७ सालीं हीच गोष्ट गणितानें मांडली. समजा, एक काम एका कोरास ६० मिनिटें लागतें, व त्यांतील २० मिनिटांचा भाग असा आहे कीं तो वाटून देतां येत नाहीं. उरलेलीं ४० मिनिटें चार कोरांत वाटलीं तर १० होतात. एकूण ३० मिनिटें. आठ कोर लावले तर ५ होतात, एकूण २५. कोर दुप्पट झाले, पण पांचच मिनिटें वांचलीं. आणि हजार कोर लावले तरी २० मिनिटांखालीं तें काम येणें नाहीं.

तेव्हां अधिक कोर कोणास हवेत? चलच्चित्रें जोडणारास, मोठ्या कार्यक्रमांची भाषांतरें यंत्राकडून करून घेणाऱ्या विद्यार्थ्यास, त्रिमित आकृति रंगविणारास. हीं कामें उत्तम वाटलीं जातात. पत्रें लिहिणें, दुकानाचा जमाखर्च ठेवणें, वर्तमानपत्र वाचणें, यांत सहांपैकीं चार कोर बहुतेक वेळ स्वस्थ बसतात. त्यांच्यासाठीं एका कोराचा वेग हाच महत्त्वाचा. आणि '१२ थ्रेड' असें जें छापलेलें असतें त्याचा अर्थ इतकाच कीं प्रत्येक कोर एकाच वेळीं कामाचे दोन धागे हातीं धरूं शकतो. त्यामुळें थोडी भर पडते, परंतु सहाचे बारा कामकरी होत नाहींत.

तिसरा आंकडा फारसा कोणी पाहत नाहीं, पण तो पाहण्यासारखा आहे. त्यास कॅश म्हणतात. ४४० कोटि ठोक्यांपैकीं एका ठोक्याच्या अवधींत प्रकाशसुद्धां सुमारें सात सेंटिमीटर, म्हणजे चार बोटें, एवढेंच अंतर जातो. मग वीतभर दूर असलेल्या रॅममधून माहिती आणावयाची म्हटली तर शेंकडों ठोके रिकामे जातात, यांत नवल नाहीं. स्वयंपाक करतांना मीठ हाताशीं असलें तर फोडणी जळत नाहीं. तें माळ्यावर असलें तर जळते. म्हणून नित्य लागणारी माहिती प्रोसेसरच्याच अंगावर एका लहानशा फडताळांत ठेवतात, तीच ही कॅश. नव्या 'पांचां'त ती १८ मेगाबाइट आहे, जुन्या 'सातां'त ८. आणि त्याच २०२२ सालच्या 'रायझेन फाइव्ह ५६००' नामक प्रतिस्पर्ध्यांत ३२. ३२ मेगाबाइट म्हणजे किती? आपल्याच जिल्ह्यांत नेवाशास शके १२१२ मध्यें, म्हणजे १२९० सालीं, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या सुमारें ९ हजार ओव्या संगणकांत उतरविल्या, व प्रत्येक देवनागरी अक्षरचिन्हास ३ बाइट धरले, तर सारा ग्रंथ थोड्याच मेगाबाइटांत बसतो. म्हणजे समग्र ज्ञानेश्वरी नखाएवढ्या तुकड्यावरील त्या फडताळांत कैक वेळां मावेल.

येथवर प्रोसेसरचे गुण झाले. आतां त्याच्या निर्दोषपणाची एक कथा सांगतों, कारण तींत दोष माझा आहे. २०१७ सालीं मीं एक संगणक घेतला. प्रोसेसर त्या वेळच्या मानानें उत्तम घेतला, आणि पैसे संपले म्हणून रॅम ४ जी.बी. व फिरत्या तबकडीचा साठा यांवर भागविलें. यंत्र सुरू करून मी अंघोळीस जात असें व परत आल्यावर तें कामास तयार होत असे. सौभाग्यवती म्हणत, "एवढे पैसे घालून हें बैलगाडीच्या चालीनें कां चालतें?" मी चार वर्षें प्रोसेसरला बोल लावीत राहिलों. पुढें एका माजी विद्यार्थ्याच्या आग्रहावरून तबकडी काढून एस.एस.डी. बसविला व रॅम दुप्पट केली. आणि तेंच यंत्र अर्ध्या मिनिटांत उठूं लागलें. कारखान्याचें गाळप कितीहि मोठें असो, गव्हाणींत ऊंसच वेळेवर पडत नसेल तर तो काय गाळणार? म्हणून मधल्या किमतीच्या संगणकांत पैसा आधीं १६ जी.बी. रॅम व एस.एस.डी. यांस द्यावा आणि मगच प्रोसेसर एक पायरी वर नेण्याचा विचार करावा. रॅम एका पट्टीऐवजीं दोन समान पट्ट्यांत घेतली तर माहिती दोन वाटांनीं येते, हेंहि ध्यानांत ठेवावें.

आतां मोजमापाकडे वळूं. प्रोसेसरचे गुण लावणाऱ्या कसोट्या आहेत. अशा कसोट्या ठरविण्यासाठीं अमेरिकेंत १९८८ सालीं 'स्पेक' नांवाची संस्था निघाली. सामान्य ग्राहकांत 'सिनेबेंच' व 'गीकबेंच' यांची नांवें अधिक ऐकूं येतात. त्यांचे गुण पाहतांना दोन गोष्टी विसरूं नयेत. एका कोराचे गुण व सर्व कोरांचे गुण वेगवेगळे दिलेले असतात. आपल्या कामास कोणते लागू तें आधीं ठरवावें. आणि परीक्षेंतील प्रश्न आपल्या कामाचाच आहे कां, हें पाहावें. 'सिनेबेंच' त्रिमित दृश्य रंगवून घेतो. आपण जमाखर्च लिहीत असूं तर त्याच्या गुणांवरून जमाखर्चाची परीक्षा होत नाहीं.

केवळ कागदी गुणाकार तर मुळींच मानूं नये. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें, विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं, १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. त्याचा कागदावरील सर्वोच्च वेग सुमारें एक गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला शंभर कोटि दशांश-गणितें, इतका सांगतात. आजच्या मध्यम प्रोसेसरच्या ६ कोरांचा तसाच गुणाकार केला, म्हणजे दर ठोक्याला प्रत्येक कोराचीं १६ गणितें व ठोके सेकंदाला ४०० कोटि, तर ३८४ गिगाफ्लॉप येतात. ऐकून ऊर भरून येतो. परंतु 'परम'वर शास्त्रज्ञांनीं एकेक ठोका कारणीं लावण्यासाठीं घाम गाळला. आपल्या घरीं हीं ३८४ गिगाफ्लॉपें बहुतेक वेळ दळणाच्या पाकक्रिया वाचण्यांत खर्चीं पडतात. कागदावरचा वेग कामीं लागेलच असें नाहीं.

आणखी एक गोष्ट परदेशांतील परीक्षणांत आढळत नाहीं, ती म्हणजे आपला उन्हाळा. तिकडे परीक्षा २०-२२ अंशांच्या थंड खोलींत होते; आमच्या नगरच्या वैशाखांत पत्र्याखालच्या खोलींत पारा ४० वर जातो. खोलीचें तपमान जितकें वाढतें साधारण तितकेंच प्रोसेसरचेंहि वाढतें. तिकडे ७० अंशांवर चालणारा येथें ९० च्या आसपास पोंचतो, आणि मर्यादा जवळ आली कीं जळूं नये म्हणून तो आपला ठोका आपणच मंद करतो. धुळीनें पंखा तुंबला असेल तर हें लवकरच घडतें. म्हणून पेटीला वारा खेळता असावा व वर्षांतून दोनदां धूळ झाडावी; फुकटांत वेग मिळतो. विजेचाहि हिशेब करावा. दोन प्रोसेसरांत ५० वॅटांचा फरक असेल, व रोज ४ तास याप्रमाणें वर्षांत ३०० दिवस यंत्र जोरानें चालत असेल, तर ६० युनिटें जास्त जळतील. युनिटास १० रुपये धरले तर वर्षाचे ६०० रुपये, आणि चार वर्षांचे २,४००. स्वस्त वस्तूच्या किमतींत हे मिळवून मग ती स्वस्त आहे कां तें पाहावें.

आतां सर्वांत अवघड प्रश्न: किमतीच्या मानानें मोल कोणाचें अधिक? समजा, एक प्रोसेसर १२ हजारांचा व दुसरा २० हजारांचा आहे, आणि दुसरा शेंकडा २५ नें वेगवान आहे. केवळ प्रोसेसरची किंमत पाहिली तर शेंकडा ६७ अधिक देऊन शेंकडा २५ वेग मिळतो. सौदा वाईट दिसतो. परंतु कोणी नुसता प्रोसेसर वापरीत नाहीं. उरलेला संगणक ३० हजारांचा धरला तर तुलना ४२ हजारांची ५० हजारांशीं होते. शेंकडा १९ अधिक देऊन शेंकडा २५ वेग. सौदा चांगला दिसूं लागतो. दोन्ही हिशेब बरोबर आहेत, आणि विक्रेता आपल्याला सोयीचा तेवढाच सांगतो. निकाल लावणारा हिशेब तिसराच आहे. तासभराच्या लेखनांत यंत्र तुम्हांला एकूण ६ मिनिटें तिष्ठत ठेवीत असेल, तर शेंकडा २५ वेग वाढल्यानें त्यांचीं ४ मिनिटें ४८ सेकंद होतील. ८ हजार रुपयांत सव्वा मिनिट वांचलें. पण ज्याचें चलच्चित्राचें काम यंत्रास ३ तास लागतें, त्याचे १८० मिनिटांचे १४४ होतात. रोज ३६ मिनिटें वांचलीं. पहिल्याला तो प्रोसेसर महाग, दुसऱ्याला स्वस्त. प्रोसेसर तोच आहे.

खरेदीच्या वेळीं कांहीं लहान गोष्टी सांभाळाव्या. 'इंटेल'च्या आंकड्यानंतर 'एफ' अक्षर असलें तर त्यांत चित्र पडद्यावर आणणारा भाग नसतो. वर उल्लेखिलेल्या 'रायझेन ५६००' मध्येंहि तो नाहीं. असा प्रोसेसर घेतला तर निराळें चित्रपत्र घ्यावें लागतें, व वांचविलेले पैसे तेथें जातात. मालकपटावरील, म्हणजे मदरबोर्डवरील, खांचहि पाहावी. २०२२ सालीं निघालेल्या 'ए.एम. फाइव्ह' खांचेला नवीच, 'डी.डी.आर. फाइव्ह' जातीची, रॅम लागते. बाराव्या पिढीचा 'इंटेल' मालकपटाप्रमाणें जुनी किंवा नवी कोणतीहि घेतो. आणि पेटीबंद माल घ्यावा, कारण त्यावर कारखान्याची ३ वर्षांची हमी असते. तीसाठीं पक्की पावती जपून ठेवावी.

आणि आयुष्य पाहावें. 'विंडोज १०' ची नेहमींची देखभाल मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली, आणि 'विंडोज ११' इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधींच्या बहुतेक प्रोसेसरांस अधिकृतपणें जवळ करीत नाहीं. माझा २०१७ चा संगणक सातव्या पिढीचा. तो अवघ्या एका पिढीनें हुकला. मग शेजाऱ्यांच्या कागदावरील तिसऱ्या पिढीच्या 'सातां'ची काय कथा? तो विकत घेतल्यानंतर दोन महिन्यांतच पोरका होणार होता.

हें सारें मीं शेजाऱ्यांना कागदावर मांडून दाखविलें. त्यांनीं विचारलें, "गुरुजी, पण १५ हजारांचा फरक आहे." मी म्हटलें, "निर्णय माझ्या शब्दावर करूं नका. मुलीचें एक प्रत्यक्ष काम घेऊन दुकानांत जाऊं." मुलीनें आपल्या वरच्या वर्गांतील मैत्रिणीकडून एक मोठासा कार्यक्रम आणला आणि तो दोन्ही यंत्रांवर, भिंतीवरील घड्याळ लावून, चालविला. नव्या 'पांचा'नें तो निम्म्याहून कमी वेळांत उरकला. दुकानदारानेंहि मग मोकळेपणानें सांगितलें कीं जुनें यंत्र पत्रें लिहिणाऱ्या गिऱ्हाइकासाठींच त्यानें ठेवलें होतें. शेजाऱ्यांनीं 'पांच' घेतला; निराळें चित्रपत्र घेतलें नाहीं, शोभेचे दिवे असलेली पेटी घेतली नाहीं, आणि त्या पैशांत रॅम १६ जी.बी. केली. त्या सालच्या अखेरीस जगभर रॅमचे भाव फार चढले, तेव्हां त्या माउलीस आपली ठेव योग्य वेळीं मोडल्याचें समाधान झालें.

आणि माझा संगणक? तो मीं बदलला नाहीं. माझ्या विद्यार्थ्यानें त्यावर फुकट मिळणारी 'लिनक्स' प्रणाली चढवून दिली. मी त्यावर हीं भाषणें लिहितों, सौभाग्यवती नातवंडांशीं बोलतात. आमच्या कामाला त्याचे चार कोर पुरून उरतात. नवा घेण्याची हौस होत नाहीं असें नाहीं. परंतु घड्याळ लावून पाहिलें, तेव्हां वेळ यंत्र घेत नाहीं, शब्द शोधतांना मीच घेतों असें दिसून आलें. त्यावर कोणताहि प्रोसेसर विकत मिळत नाहीं.